खेळातून फ्रेंच शब्द : साधन आणि साधना

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शालेय जीवनात संस्कृत नाकारले गेले. पुढे कोलंबिया विद्यापीठात (१९१३-१६) अर्थशास्त्र, इतिहास आदी विषयांसोबत त्यांनी प्राथमिक फ्रेंचही अभ्यासली. आज धानोऱ्यातील गोंडी व मराठी बोलणाऱ्या मुलांना मोबाईलवरील खेळातून तीच भाषा खुली झाली आहे.

असे खेळ स्मरणशक्तीच्या एका साध्या नियमावर चालतात. चुकलेला शब्द लवकर पुन्हा विचारला जातो, बरोबर आलेला उशिरा. शिकलेले कसे विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते. म्हणून रोजची दहा मिनिटे एका दिवसाच्या तासाभराहून अधिक फलदायी ठरतात.

मात्र गुण मिळाले म्हणजे भाषा आली, असे आम्ही मानत नाही. मराठीत चंद्र पुल्लिंगी. फ्रेंचमध्ये तो स्त्रीलिंगी. म्हणून ‘ल्यून’ एवढेच न घोकता ‘ला ल्यून’ असे उपपदासह मोठ्याने म्हणावे व वाक्यात योजावे. नेटवर्क नसेल तेथे कागदी चिठ्ठ्या व तीन कप्पे पुरेसे आहेत : आलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलेली पुन्हा पहिल्यात.

मोबाईलविषयी पालकांची धास्ती रास्तच आहे. दहा मिनिटांनी तो परत घ्यावा आणि मुलाला आजचे पाच शब्द विचारावेत. पालकांस फ्रेंच येण्याची गरज नाही. घरी कोणी विचारणारे असले, की मूल आठवू लागते.