पाहून शिकणे आणि करून शिकणे

नव्या अवजाराची माहिती शेतकऱ्यास पत्रकातून मिळते व प्रात्यक्षिकाने त्याची खात्री पटते. परंतु ते स्वतः हाती धरल्यावाचून अंगवळणी पडत नाही. विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या बाबतीतही हेच खरे आहे.

मुंबईच्या उपनगरातील मरोळचे उदाहरण घेऊ. कारखाने, कचेऱ्या व चाळी यांच्या या दाट वस्तीत गावाकडून आलेली मुले नातलगांच्या लहानशा खोलीत राहून महाविद्यालयात जातात. टिपणे वाचणे, व्याख्याने ऐकणे, परीक्षेचे अर्ज भरणे ही कामे मोबाईलवर होतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा तर सारा वर्गच मोबाईलच्या पडद्यावर आला.

मरोळच्या शेजारीच पवई आहे. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (स्थापना १९५८) प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने व केंद्र शासनाच्या साहाय्याने ‘स्पोकन ट्यूटोरियल’ नावाचे संगणकविषयक पाठ तयार झाले. हे पाठ विनामूल्य असून प्रत्येक पाठ साधारणतः दहा मिनिटांचा आहे. पडद्यावरील अक्षरे इंग्रजीतच राहतात; निवेदन मात्र अनेक पाठांत मराठीतूनही ऐकता येते. पाठ एकदा उतरवून घेतला की तो इंटरनेटवाचून चालतो.

अभ्यासाची रीत सोपी आहे. पाठ थोडा पाहावा, थांबवावा व तीच कृती लगेच संगणकावर स्वतः करावी. चुकल्यास तो भाग पुन्हा पाहावा. सावकाश शिकणारा विद्यार्थीही यामुळे मागे राहत नाही.

अडचण येते ती येथेच. पाठ मोबाईलवर दिसतो. परंतु हिशेबाचा तक्ता मांडण्याचा किंवा पायथॉनमध्ये आज्ञावली लिहिण्याचा नीट सराव होण्यास संगणकच लागतो. ज्या घरी संगणक नाही, तेथील मुलाचे शिक्षण पाहण्यापाशीच थांबते.

म्हणून विद्यार्थ्यास संगणक, शांत जागा व शंका सोडविणारा शिक्षक या तीन गोष्टी मिळणे अगत्याचे आहे. महाविद्यालयांनी आपले संगणक-कक्ष सायंकाळीही खुले ठेवावेत. सुटीत गावी येणाऱ्या मुलांसाठी ग्रामपंचायतीने वाचनालयात एक संगणक व उतरवून घेतलेले पाठ ठेवावेत. मोबाईल घेऊन दिला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे पालकांनी मानू नये. मुलगा घरी आला म्हणजे ‘काय पाहिलेस?’ एवढेच न विचारता ‘काय करून पाहिलेस?’ असे अवश्य विचारावे.