हुद्दा, ॲनोटेशन आणि बांबूचा परवाना

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात असलेल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी तोडलेला बांबू गावाबाहेर नेण्यास लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती राहिला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले, तेव्हाच त्या हक्काला खरा अर्थ आला. परवाना तोच राहिला. तो देण्याचा अखत्यार तेवढा बदलला.

असा अखत्यार संगणकाच्या दफ्तरात कसा नोंदवावा? अमेरिकेतील डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ साली असे मांडले, की परवानगी व्यक्तीला न देता हुद्द्याला द्यावी आणि व्यक्तीची त्या हुद्द्यावर नेमणूक करावी. म्हणजे आलापल्लीच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची बदली झाली, तर केवळ नेमणूक बदलते, परवानग्यांची फेरतपासणी करावी लागत नाही.

पूर्वी कोणत्या हुद्द्याला काय करता येते, हा नियम प्रोग्राममधील प्रत्येक कृतीच्या पोटात, इतर अटींच्या गर्दीत दडलेला असे, आणि एखाद्या ठिकाणी तो लिहावयाचा राहिला, तर वाचणाऱ्याच्या ध्यानातही येत नसे. २००४ साली जावा या प्रोग्रामिंग भाषेत ॲनोटेशनची, म्हणजे कृतीच्या माथ्यावर लिहावयाच्या खुणेची, सोय झाली. २००६ साली ‘रोल्सअलाउड’ हे ॲनोटेशन प्रमाणित झाले. ‘परवाना द्या’ या कृतीच्या माथ्यावर ते लिहून पुढे ‘ग्रामसभा समिती’ असा हुद्दा नमूद केला, की फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामला आधार देणारी तयार चौकट, मागणाऱ्याचा हुद्दा तपासूनच ती कृती चालू देते. या पद्धतीने अखत्यार उघड्यावर येतो, हे मला तिचे सर्वांत मोठे मोल वाटते: मेंढ्यातील ते हस्तांतर अशा दफ्तरात एका ओळीतील फेरफार ठरले असते, आणि तो कोणालाही वाचता आला असता.

परंतु हुद्दा सर्व काही सांगत नाही. वनहक्काच्या दाव्याला अखेरची मंजुरी देणाऱ्या जिल्हास्तरीय समितीचे अध्यक्षपद चंद्रपुरातही जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि गडचिरोलीतही जिल्हाधिकाऱ्यांकडेच. हुद्दा एक, हद्द भिन्न. म्हणून दावा कोणत्या जिल्ह्यातला, हेही तपासावे लागते, आणि स्प्रिंग या प्रचलित फ्रेमवर्कमधील ‘प्रीऑथोराइझ’ ॲनोटेशनात तशी अट घालता येते. तेथेही सावध राहावे. स्प्रिंगची नेहमीची तपासणी बाहेरून आलेली हाक अडवते. एकाच क्लासमधील, म्हणजे कृतींच्या एकाच गटातील, एका कृतीने दुसरीला आतूनच बोलावले, तर माथ्यावरची ओळ कोणी वाचत नाही. जिच्यावर ॲनोटेशनच नाही, ती कृतीही या तपासणीतून निसटते. म्हणून प्रत्येक विनंती प्रवेशाशीच नामंजूर धरावी आणि मग एकेक परवानगी लिहून द्यावी.