पोट भरलेले, पण वासरू उपाशी

भातकापणी संपली की मुळशी तालुक्यात पेंढ्याच्या उडव्या दिसू लागतात. उन्हाळाभर गोठ्याचा मोठा आधार हाच पेंढा. अशा वेळी दूध तोडलेली पाच-सहा महिन्यांची एखादी कालवड नीट पाहा. पोट घागरीसारखे सुटलेले, पण बरगड्या मोजता येतात आणि केस राठ झालेले. पुढ्यात पेंढा आहे, रवंथही चालू आहे. मग ती वाढत का नाही? मालक म्हणतात, "जंत असतील." जंत असू शकतात आणि त्यांवर औषध द्यायलाच हवे. पण पुष्कळदा कारण दुसरेच असते. पोट भरलेले असूनही वासरू उपाशी असते. हे कोडे सोडवायला थोडे जीवशास्त्र आणि शाळेतले अंकगणित पुरते.

गाईच्या पोटाचे चार कप्पे आपण वर्गात शिकवतो : कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. जन्मतः वासराचे खरे पोट सर्वांत मोठे असते, कारण दूध तेथेच पचते. वासरू चारा व दाणा खाऊ लागले की कोटीपोटात सूक्ष्मजीव वाढतात आणि तो कप्पा मोठा होत जातो. मोठ्या गाईत तो चारही कप्प्यांत सर्वांत मोठा असतो.

पेंढ्यातला मुख्य पदार्थ सेल्युलोज. तो पचवणारे विकर गाईच्या शरीरात तयार होत नाही. ते काम कोटीपोटातले जीवाणू, आदिजीव आणि कवके करतात. ते सेल्युलोज आंबवून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्ले तयार करतात. गाईला ऊर्जा मिळते ती मुख्यतः या आम्लांपासून. शिवाय हे सूक्ष्मजीव पुढे वाहत जाऊन खऱ्या पोटात व आतड्यात पचतात आणि गाईला प्रथिने पुरवतात. म्हणजे आपण चारा घालतो तो आधी या सूक्ष्मजीवांना, आणि ते गाईला पोसतात.

आता सूक्ष्मजीवांना वाढायला नायट्रोजन लागतो. आहारात प्रथिने सुमारे ७ टक्क्यांच्या खाली गेली की त्यांची वाढ मंदावते. भाताच्या पेंढ्यात प्रथिने असतात जेमतेम ४ टक्के. मग पेंढा कोटीपोटात न पचता पडून राहतो, पोट रिकामे होत नाही आणि वासरू पुढचा घास कमी खाते. सुटलेल्या पोटाचे हे एक कारण.

उपाय सोपा वाटतो : पेंड घाला. किती? येथे 'पिअर्सनचा चौकोन' उपयोगी पडतो. समजा, १०० किलोच्या कालवडीला १२ टक्के प्रथिनांचा आहार हवा आहे. पेंढ्यात ४ टक्के आणि भुईमूग पेंडीत सुमारे ४० टक्के प्रथिने आहेत. तिरकी वजाबाकी करा : ४० वजा १२ म्हणजे २८ भाग पेंढा, १२ वजा ४ म्हणजे ८ भाग पेंड. प्रमाण ७ : २. प्रथिनांचे गणित जुळले!

पण उत्तरपत्रिकेवर पूर्ण गुण देऊ नका. आता ऊर्जेचा हिशेब करू. ती 'एकूण पचनीय घटकां'त मोजतात. पेंढ्यात ते सुमारे ४० टक्के, पेंडीत ७५ टक्के. आपल्या मिश्रणात येतात ४८ टक्के. दिवसाला ४०० ग्रॅम वाढ हवी असेल तर सुमारे ६० टक्के लागतात. ऊर्जा अपुरी पडली की महागडी पेंडही शरीर इंधन म्हणून जाळते. खर्च वाढतो, वासरू तेवढेच राहते.

म्हणून दोन्ही हिशेब एकदम जुळवायचे. या वासराला दिवसाला साधारण ३ किलो शुष्क पदार्थ लागतो, म्हणजे पाण्याचा अंश वगळून उरणारा चारा. तो असा वाटू : पेंढा १ किलो, लसूणघास १ किलो (ओला सुमारे ५ किलो), मक्याचा भरडा ८०० ग्रॅम आणि भुईमूग पेंड २०० ग्रॅम. लसूणघासात प्रथिने २० व पचनीय घटक ६० टक्के, तर मक्यात अनुक्रमे ९ व ८० टक्के धरा. बेरीज विद्यार्थ्यांकडून करून घ्या. प्रथिने १३ टक्के आणि पचनीय घटक जवळजवळ ६० टक्के येतील. सोबत क्षारमिश्रण, चिमूटभर मीठ आणि भरपूर पाणी हवे. बदल मात्र आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांना नवा आहार अंगवळणी पडायला वेळ लागतो.

लसूणघासाला पाणी लागते. ते नसेल तर बांधावरची शेवरी किंवा सुबाभूळ कामी येते. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे स्थापलेल्या 'बाएफ' संस्थेने सुबाभळीचा पुष्कळ प्रसार केला. तिच्या पाल्यात प्रथिने भरपूर असली तरी मायमोसिन हे विषारी द्रव्यही असते. म्हणून एकूण आहारात तिचा वाटा एक-तृतीयांशाहून कमीच ठेवावा. शंभर किलो पेंढ्यावर ४ किलो युरियाचे द्रावण शिंपडून तो तीन आठवडे हवाबंद ठेवला की अधिक पचनीय होतो. पण सहा महिन्यांखालच्या वासरांना तो देऊ नये.

मुळशीच्या पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. दमट पेंडीवर बुरशी येते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. १९६० साली इंग्लंडमध्ये अशाच भुईमूग पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि त्यातूनच या विषाचा शोध लागला. लहान जनावरांना ते अधिक बाधते. बुरशी आलेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

परदेशी पुस्तकांतले तक्ते मात्र जसेच्या तसे उचलू नयेत. तेथे मांसासाठी वाढवलेल्या वासरांचे वजन रोज किलोभराने वाढावे, असा हिशेब असतो. आपल्याला कालवडीची गाय करायची असते. ती माजावर येते ते वयापेक्षा वजनावर. संकरित कालवड साधारण २५० किलोची झाली की भरवतात. १०० किलोंपासून तेथवर जायला रोज ४०० ग्रॅम वाढीने ३७५ दिवस लागतात, तर रोज १५० ग्रॅम वाढीने १००० दिवस. फरक ६२५ दिवसांचा. म्हणजे जवळजवळ पावणेदोन वर्षे गोठ्यात चारा जातो, दूध येत नाही. दोन-तीन जनावरांच्या घराला हा तोटा लहान नाही.

वर्गासाठी एक उपक्रम. छातीचा घेर आणि खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६० म्हणजे किलोतले अंदाजे वजन. घेर ४२ आणि लांबी ३६ इंच असेल तर उत्तर ९६ किलो. गावातल्या चार कालवडींचे वजन दर पंधरा दिवसांनी असे काढा, आलेख मांडा आणि त्यांच्या मालकांना दाखवा. जिची रेषा आडवी होत गेली असेल, तिच्या गव्हाणीत काय पडते ते विचारा.