पणजोबांच्या मरणाचा कागद

हिंगोलीच्या छावणीत पावणेदोनशे वर्षांपूर्वी तापाने गेलेल्या एखाद्या गोऱ्या लेफ्टनंटच्या खापरपणतूला पूर्वजाच्या मृत्यूची तारीख इंग्लंडात घरबसल्या मिळू शकते. त्याच छावणीला गवत, दूध आणि ज्वारी पुरवणाऱ्या आसपासच्या गावांतल्या कुणब्याच्या, माळ्याच्या, हटकराच्या किंवा बंजाऱ्याच्या पणतूला मात्र आपला पणजोबा कोणत्या साली गेला हे सांगता येत नाही. ‘पटकीच्या साली गेला म्हणतात’, इथपर्यंत गाडी येते आणि थांबते.

हा फरक नशिबाचा नाही, दफ्तराचा आहे. हिंगोली ही निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी. 1903 मध्ये ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. छावणी म्हटलं की गोऱ्यांचं कब्रस्तान आलंच आणि दफन झालं की पाद्री ते वहीत लिहिणार. मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांतून बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नकला वर्षाच्या वर्षाला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. निजामाच्या राज्यातल्या थडग्यांवरचे लेख गोळा करून ओ. एस. क्रॉफ्टन यांनी 1941 मध्ये माणसांच्या चरित्रटिपांसह यादी छापली. 1976 पासून इंग्लंडात दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींसाठी एक संस्थाच काम करते. दगड झिजला, चोरीला गेला, कुणाच्या पायरीला लागला तरी नाव उरलं.

याच छावणीत नोंद नसलेली थडगीही होती. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा मेडोज टेलर प्रस्तावनेत हिंगोलीच्या हरीसिंगाची हकीकत सांगतो. हा बाजारातला मातबर व्यापारी, साहेब लोकांचं त्याच्याकडे जाणं-येणं. आणि तोच त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या. मुंबईहून येणाऱ्या एका व्यापाऱ्याला त्याने माणसांसकट वाटेत मारलं आणि त्याचं कापड रीतसर परवान्यावर छावणीत आणून उघड विकलं. पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पुरलेल्या प्रेतांचे खड्डे माफीच्या साक्षीदारांनी दाखवले, ते उघडताना टेलर स्वतः हजर होता. त्या खड्ड्यांतल्या माणसांच्या घरचे किती वर्षं वाट पाहत बसले असतील, कोण जाणे.

पाश्चात्त्य देशांत घराण्याचा माग काढणारा माणूस आधी स्मशानात जातो. त्याचं बघून आपण तसंच करायला गेलो तर पहिल्याच दिवशी हात हलवत परत यावं लागेल. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राख सावडली, अस्थी गंगाखेडला, नांदेडला किंवा पैठणला गोदावरीत सोडल्या की जागा मोकळी. पण म्हणून हिंगोलीच्या मातीत समाध्या नाहीतच असं समजू नये. लिंगायतांमध्ये दफन आहे, गोसाव्यांमध्ये समाधी आहे, महानुभावांमध्ये दफन आहे, मुसलमानांची कब्रस्तानं गावोगाव आहेत. शिवाय मराठवाड्यात स्वतःच्या शेतातच अग्नी देऊन तिथे ओटा बांधायची रीत आहे. बांधावरच्या अशा ओट्यावर पूर्वी नाव कोरत नसत, पण तो कुणाचा हे भावकीतल्या एखाद्या म्हाताऱ्याला पक्कं ठाऊक असतं. मुसलमान घराण्यांनी एक ध्यानात ठेवावं: बहुतेक कबरी कच्च्या असतात. ज्या थोड्यांवर दगड आहे त्यावरचं साल हिजरी असतं आणि हिजरी वर्ष इसवी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे सरळ वजाबाकीने इसवी साल निघत नाही. कोष्टक घेऊन बसावं लागतं.

तर मग आपल्या माणसाचं मरण नोंदलं गेलं कुठे? माझं म्हणणं असं, की शेतकऱ्याच्या घरात मरणाची नोंद जमिनीत होते. जन्माला कुणी तलाठ्याकडे जात नव्हतं. मेल्यावर मात्र नाव कमी करून पोरांची नावं लावावी लागत. म्हणून पूर्वज शोधताना जन्माच्या मागे लागू नका, मरणाच्या मागे लागा.

वारसाचा फेरफार हा यातला राजा कागद. खातेदार मेला की तलाठी आधी गाव नमुना 6-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत, नोंद घेतो. गावातल्या चार जाणत्यांना विचारून वारस ठरतात आणि मग नमुना 6 मध्ये फेरफार पडतो. त्यातला मजकूर साधारण असा असतो: ‘खातेदार मारोती वलद सखाराम हे सुमारे 12 वर्षांपूर्वी मयत. वारस मुलगे दोन, पैकी धाकटा अ.पा.क. आई, विधवा गंगाबाई भ्र. मारोती.’ नावं नमुन्यादाखल घेतली आहेत, पण एवढ्या ओळीत काय काय आलं ते बघा. ‘वलद सखाराम’मुळे आणखी एक पिढी वर गेली. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, त्यामुळे एरवी कुठल्याच कागदावर न सापडणाऱ्या पणजीचं नाव मिळालं. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता, अर्थात बाप गेला तेव्हा पोरगं सज्ञान नव्हतं, यावरून त्याच्या जन्माचा अंदाज बांधता येतो. आणि ‘सुमारे 12 वर्षांपूर्वी’ ही तर आपल्या गावगाड्याची सही आहे. बारा वर्षं मेलेल्या माणसाच्या नावावर शेत चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं कधी? भावाभावांत वाटणी निघाली तेव्हा, नाहीतर सोसायटीचं कर्ज उचलायचं झालं तेव्हा. म्हणून फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख धरली की पुढची सगळी वंशावळ दहा-पंधरा वर्षांनी सरकते. ही चूक भल्याभल्यांच्या वंशावळीत दिसते.

मराठवाड्याची अडचण पुढे आहे. मुंबई इलाख्यातल्या गावांत हक्कनोंदणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. आपल्याकडे हैदराबादचा हक्कनोंदणीचा कायदा झाला तोच 1358 फसलीत, म्हणजे 1948-49 मध्ये. त्याआधी गेलेल्या पणजोबाचा वारस फेरफार शोधत बसण्यात अर्थ नाही. तिथे 1954-55 चं खासरा पत्रक हा आधार. त्यात आजोबांचं नाव बापाच्या नावासह येतं आणि धागा हाती लागतो. घरात पाटीलकी, कुलकर्ण किंवा इनाम असेल तर तुमचं भाग्य थोर, कारण वतनदार मेला की विरासतीची चौकशी व्हायची आणि तिच्यात शजरा, म्हणजे वंशवृक्षच, जोडलेला असायचा. महार वतनाचंही तसंच. काशी-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वहीत ज्यांना जागा नव्हती त्यांची नावं वतनाच्या कागदांत मिळतात. मात्र ज्याच्याकडे जमीनही नाही आणि वतनही नाही, अशा भूमिहीन घराचा माग या मार्गाने लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

निजामकाळचे कागद उर्दूत, गावपातळीवरचे बरेचसे मोडीत. तालुक्याच्या गावी आजही उर्दू वाचणारा एखादा निवृत्त गुरुजी मिळतो, मोडी वाचणारा त्याहून कमी. साल बहुधा फसली असतं. हैदराबादी फसलीत 590 मिळवले की इसवी साल येतं, पण वर्ष 6 ऑक्टोबरला आजर महिन्याने सुरू होई, त्यामुळे जानेवारीपासूनच्या तारखांना 591 मिळवावे लागतात. ‘तीर 1340’ म्हणजे 1930 नव्हे, 1931 चा मे. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने घरंच्या घरं बसली. ती साथ शिगेला पोचली आणि त्याच सुमारास 1328 फसली लागलं. ज्या वंशावळीत एका पिढीचे तीन-चार भाऊ एकदम नाहीसे होतात आणि पोरं मामाच्या गावी वाढलेली दिसतात, तिथे हे वर्ष एकदा ताडून पाहावं. तसंच छप्पन्याच्या दुष्काळाचं, म्हणजे 1899-1900 चं.

मामाचं गाव म्हटलं की पैनगंगा आलीच. नदीच्या अलीकडे निजाम, पलीकडे वऱ्हाड. आणि वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. तिकडे कोतवाल बुकात गावातला जन्म आणि मृत्यू लिहिण्याची शिस्त लवकर लागली. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधताना विदर्भात ढिगाने कागद मिळाले आणि मराठवाड्यात नखाएवढे, यामागे हेही एक कारण आहे. पण सोयरिकीला नदी कधी आडवी आली नाही. सेनगाव-कळमनुरीच्या लेकी वाशीम, पुसद, उमरखेडकडे दिल्या आणि तिकडच्या इकडे आणल्या. रझाकारांच्या काळात कितीतरी कुटुंबं नदी ओलांडून वऱ्हाडात जाऊन राहिली. तेव्हा तुमच्या पणजोबाचा कागद हिंगोलीत नसेल, तर त्याच्या बहिणीचा पलीकडच्या तहसिलीत असू शकतो, आणि त्या कागदावर दोघांचा बाप एकच असणार. आम्ही पुरुषांची नावं शोधत सरळ वर चढतो आणि अडकतो. आत्याच्या घराकडून आडवं गेलं तर वाट सापडते.

या कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 च्या सप्टेंबरात सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि तहसिलींमधले कित्येक गठ्ठे त्यानिमित्ताने प्रथमच सुटले. आरक्षणाच्या वादात कुणी कुठेही असो, इतिहासाच्या दृष्टीने हे काम मोलाचं झालं: खासरा पत्रकं, गाव नमुना 14 च्या जन्म-मृत्यूच्या वह्या, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं माणसांनी हातात घेऊन पाहिली. एक गैरसमज मात्र अजून फिरतो. हैदराबाद गॅझेटचा आधार घेणाऱ्या 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयानंतर ‘हैदराबाद गॅझेटमध्ये आमच्या पणजोबांचं नाव काढून द्या’ म्हणणारे लोक भेटतात. गॅझेटियरमध्ये जातवार लोकसंख्येचे आकडे असतात, माणसांची नावं नसतात. नाव हवं तर गावच्याच वहीत शोधावं लागेल.

जमिनीचा कागद संपतो तिथे तीर्थाचा सुरू होतो. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या हे आपल्याकडचं खरं दफनरजिस्टर. लांबट, अरुंद, लाल कापडात बांधलेल्या या वह्या गावावार आणि आडनावावार लावलेल्या असतात. उपाध्ये गाव विचारतात, मग आडनाव, मग वरच्या कपाटातून नेमकी वही ओढतात. जुन्या पानांवर मोडी, मधल्या पानांवर बाळबोध, अलीकडे बॉलपेन. यात्रेकरू स्वतःचं, बापाचं, आज्याचं, भावांचं, मुलांचं नाव सांगतो आणि खाली सही करतो किंवा अंगठा उठवतो. आलेला माणूस बहुधा कुणाचं तरी श्राद्ध घालायलाच आलेला असतो, त्यामुळे कोण मयत आणि कोण हयात तेही कळतं. हरिद्वारच्या अशा वह्यांची सूक्ष्मचित्रं अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून घेतली. आपल्या नाशिक-त्र्यंबककडे सरकार किंवा विद्यापीठ अजून तेवढ्या आस्थेने बघत नाही. उपाध्यांकडे जाताना ‘हिंगोली जिल्हा’ म्हणू नका. जिल्हा 1 मे 1999 ला झाला, वहीतलं गाव परभणी जिल्ह्यात नाहीतर नुसतं मोगलाईत असणार. बंजारा घराण्यांनी तर वहीच्याही आधी आपल्या ढाडीला, म्हणजे भाटाला, विचारावं, गोत्र आणि पिढ्या त्याच्या तोंडी असतात.

तीर्थाच्या वहीला एक मर्यादा आहे: जो गेला त्याचंच नाव. गरिबाला काशी परवडत नव्हती. दलितांना तर 1930 मध्ये नाशकात काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथे उपाध्यांची वही कुठली.

1 एप्रिल 1970 पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा नवा कायदा महाराष्ट्रात लागू झाला, त्यामुळे पुढच्या पिढ्यांना एवढी पायपीट पडायची नाही. आजच्या वाचकाने मात्र तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज देण्याआधी जरा घरचा अभ्यास करावा. सेनगाव आणि औंढा हे तालुके नंतरचे आहेत. तिथल्या गावांचं जुनं दफ्तर मूळ तालुक्याच्या नावाने मागावं लागतं. एकत्रीकरणानंतरचा गट नंबर जुन्या कागदावर नसतो, जुना सर्व्हे नंबर लागतो. साल नक्की नसेल तर पाच-सात वर्षांचा पट्टा द्या आणि फसली सालही सोबत लिहा. नुसतं ‘पणजोबांची नोंद मिळावी’ एवढंच लिहिलंत, तर ‘नोंद आढळून येत नाही’ असा शिक्का मारलेला कागद हाती येईल.