बरणीवर जांभूळ, काचपट्टीवर काय?

महाबळेश्वरच्या बाजारात मधाच्या बरण्यांवर जांभूळ, हिरडा, कारवी अशी नावे असतात. गिऱ्हाईक रंग पाहते, बोटभर चाटते आणि विश्वास ठेवते. मुरलेल्या जिभेला फरक कळतो हे मान्य, पण मधाला नाव द्यायला तेवढे पुरत नाही. ते परागकणांवरून ठरते, आणि परागकण ओळखायचे तर त्या मुलखाची झाडे आधी ठाऊक हवीत. साताऱ्याला ही शिदोरी जुनी आहे. देवडीकर आणि ठकार यांनी महाबळेश्वरच्या डोंगरांतल्या प्रमुख मधुवनस्पतींच्या परागांचा अभ्यास 1953 मध्येच प्रसिद्ध केला. पण त्या डोंगरांवरून तयार झालेली ओळख सांगलीच्या पूर्वेकडे, जत-आटपाडीच्या बाभूळ, बोर, कडुनिंब आणि डाळिंबांच्या माळावर जशीच्या तशी चालणार नाही. तिथल्या फुलांचे नमुने तिथेच गोळा करावे लागतील.

प्रयोगशाळेतले काम दिसायला साधे. 10 ग्रॅम मध कोमट पाण्यात विरघळवायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा, तळाशी बसलेला गाळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजायचे. जांभळाचा कण बारीक आणि तिकोनी, सूर्यफुलाचा गोल आणि काटेरी. एकाच झाडाचे कण 45 टक्क्यांवर गेले की ते मुख्य, हा रूढ दंडक. मात्र दंडक डोळे मिटून लावला तर फसगत होते. निलगिरीसारखी काही झाडे पराग सढळ हाताने देतात, तर काहींचा मकरंद भरपूर असूनही कण मोजकेच उतरतात. ज्वारीचे कण सापडले म्हणून तो ज्वारीचा मध होत नाही. ज्वारीला मकरंदच नसतो, माशी तिथे फक्त परागासाठी जाते. म्हणून आकड्याला फुलोऱ्याचा महिना आणि पेटी ठेवलेल्या जागेची जोड लागते. कारवी तर एका टापूत साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. दरवर्षी कारवीचा मध विकणाऱ्याला यंदा कुठला टापू, एवढे विचारायला हरकत नसावी.

यावर आक्षेप येतो की पराग भेसळ पकडत नाही. खरेच आहे, पराग पत्ता सांगतो, चारित्र्य नव्हे. पोळे पिळून काढलेल्या आग्या मधात माश्यांनी साठवलेला परागही उतरतो, म्हणजे कण जास्त तो मध चांगला हेही खोटे. भेसळीसाठी वेगळी तपासणी हवी. कृष्णाकाठी मुबलक असलेल्या उसाची साखर कार्बनच्या समस्थानिकांवरून सापडते, कारण ऊस आणि मका हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीने घेतात. तांदळापासूनचा पाक मात्र या चाळणीतून निसटतो. काडी पेटवणे, पाण्यात थेंब टाकणे या घरगुती परीक्षांबद्दल तर न बोललेलेच बरे. गोठलेला मधही भेसळीचाच असतो असे नाही. ग्लुकोज जास्त असलेला मध लवकर रवाळ होतो, इतकेच.

मधपाळांची तक्रार दुसरी आहे, आणि ती वजनदार आहे. 20 टक्के ओलाव्याची सरकारी मर्यादा दमट घाटातल्या सातेरी माश्यांच्या मधाला जड जाते. अस्सल मध नापास आणि कारखान्यातला पाक पास, असे होऊ शकते. पण म्हणून मर्यादा सोडून चालणार नाही, कारण ओला मध आंबतो. माश्यांनी मेणाने बंद केलेलीच पोळी मधयंत्रात घालणे, हा त्यावरचा इलाज आहे. तापवून पाणी उडवले तर एचएमएफ (उष्णतेने साखरेपासून बनणारे संयुग) वाढते, सुगंध जातो. तपासणीचा खर्च एकट्या मधपाळाला झेपत नाही, ही अडचणही रास्त. तो भार खादी ग्रामोद्योग मंडळाने किंवा सहकारी संस्थेने उचलावा. महाबळेश्वरजवळचे मांघर 2022 मध्ये देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. अशा गावाच्या बरणीवर तालुका, काढणीचा महिना आणि परागतपासणीचा निकाल छापायला हवा.

तोवर एवढे करा. घाटातले जांभूळ उन्हाळ्यात फुलते. दिवाळीत कुणी ताजा जांभूळ मध म्हणून बरणी पुढे केली, तर काढणीचा महिना विचारा.