साथ परग्रहाची, जंतू आपलेच

एच. जी. वेल्सच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये पृथ्वीवर चालून आलेले मंगळवासी इथल्या जंतूंपुढे गारद झाले. १८९८च्या त्या कादंबरीत साथ आपली होती आणि बळी परके. मायकेल क्रायटननं १९६९ मध्ये हा डाव उलटवला.

त्याच्या ‘द अँड्रोमेडा स्ट्रेन’मध्ये एक लष्करी उपग्रह ॲरिझोनातल्या पीडमाँट नावाच्या आडगावात उतरतो आणि अख्खं गाव जागच्या जागी मरतं. अंगातलं रक्त गोठून त्याची भुकटी झालेली. वाचतात दोघंच, एक व्यसनी म्हातारा आणि एक रडकं तान्हं बाळ. म्हाताऱ्याच्या रक्तात आम्ल वाढलेलं, रडून रडून धापा टाकणाऱ्या बाळाच्या रक्तात ते घटलेलं; आणि हा परका जंतू जगतो तो नेमका या दोहोंमधल्या अरुंद पट्ट्यात. क्रायटन तेव्हा हार्वर्डमध्ये डॉक्टरकी शिकत होता, ते अशा जागी जाणवतं.

कादंबरी मे महिन्यात आली. जुलैत अपोलो-११ चंद्रावर जाऊन परतलं, आणि अमेरिकी सरकारनं जणू तीच गोष्ट खरी मानून तयारी केली होती. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांना २१ दिवस विलग ठेवायचं ठरलं होतं. प्रशांत महासागरात ‘हॉर्नेट’ या युद्धनौकेवर चाकं काढलेल्या एका बंद ट्रेलरमध्ये तिघं बसले आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन काचेबाहेरून त्यांच्याशी बोलले. ते छायाचित्र जगभर गाजलं. ह्यूस्टनच्या खास प्रयोगशाळेत चंद्रावरची माती उंदरांना टोचली गेली. लाव्हे, झुरळं, कोळंबी, कालवं आणि रोपटी यांच्यावरही तिचा प्रयोग झाला. त्या मातीमुळे कुणाला अपाय झाल्याचं दिसलं नाही.

पण बंदोबस्ताला भोक होतं. यानाचं झाकण समुद्रातच उघडलं गेलं! आधीचा बेत अंतराळवीरांसकट यान उचलून नौकेवर घेण्याचा होता, तो धोक्याचा म्हणून सोडला. झाकण उघडताच आतली चांद्रधुळीची हवा बाहेर, आणि खाली अथांग पाणी. मग त्या तिघांना जंतुनाशकानं पुसून घेण्याला कितीसा अर्थ? पुढे प्रयोगशाळेतले हातमोजेही फाटले आणि काही कर्मचाऱ्यांना विलग व्हावं लागलं. क्रायटनच्या कादंबरीत तो जंतू रबराच्या सीलबंद जोडण्या कुरतडतो. इथे रबर आपणहूनच फाटलं. चंद्र निर्जीव निघाला म्हणून निभावलं, व्यवस्थेमुळे नव्हे.

मुळात अशी साथ येऊ शकते का? विषाणूला शिरकाव करायला यजमान पेशीवर नेमकी जागा लागते. तंबाखूच्या पानांचा विषाणू माणसाला आजारी पाडत नाही, आणि तंबाखू तर आपल्याच पृथ्वीवरची. त्यामुळे परग्रहावरचा विषाणू आला नि पसरला, हे जवळपास अशक्य. जिवाणूंबाबत मात्र इतकं निर्धास्त राहता येत नाही. धनुर्वाताचा जंतू मातीत सुखानं राहतो, त्याला माणसाची गरजच नाही. तरी जखमेत शिरला तर त्याचं विष जीव घेतं. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांच्यासारखे जीवशास्त्रज्ञ अंतराळयुगाच्या सुरुवातीपासून सावधगिरीचा आग्रह धरत होते, तो उगाच नव्हे.

रोग अवकाशातूनच येतात, असं खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं ठाम मत होतं आणि ते बहुतेकांनी नाकारलं. त्यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी सूक्ष्मजीव वरून येतात का, हे तपासायचा मार्ग धरला. २००५ मध्ये इस्रोच्या मोहिमेत हैदराबादहून सोडलेल्या बलूननं २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. नमुने हैदराबादबरोबरच पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही तपासले गेले. त्यात जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या, एकीला हॉईल यांचं नाव मिळालं. मात्र त्या परग्रहावरच्याच आहेत, असा दावा इस्रोनं केला नाही. हा संयम हॉईल यांच्या ठामपणापेक्षा मोलाचा.

खरी काळजी आहे ती आपणच सोबत नेतो त्या जंतूंची. २००६ मध्ये ‘अटलांटिस’ यानातून पाठवलेले साल्मोनेलाचे जंतू परतले, तेव्हा उंदरांसाठी ते अधिक घातक झालेले आढळले. याउलट, अंतराळप्रवासात माणसाची प्रतिकारशक्ती ढेपाळते. अपोलो-७ मधल्या तिघांना सर्दीनं हैराण केलं होतं. अपोलो-१३ च्या केन मॅटिंग्लींना तर गोवरासारखं पुरळ आणणाऱ्या रुबेलाचा संसर्ग होईल या भीतीनं ऐनवेळी उतरवलं गेलं. तो त्यांना झालाच नाही.

त्यानंतर उड्डाणाआधी अंतराळयात्रींना विलग ठेवायची पद्धत आली. परतल्यावरचं विलगीकरण १९७१ मध्ये अपोलो-१४ नंतर बंद झालं. उड्डाणाआधीचं आजही चालू आहे; २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला उड्डाण लांबत गेल्यामुळे महिनाभर त्यात होते.