वैदूचे ज्ञान आणि कुलपाची किल्ली

आदिवासी वैदूंचे ज्ञान लोप पावण्यापूर्वी आभासी वास्तवाच्या तंत्राने जतन करावे, असा विचार आज आग्रहाने मांडला जात आहे. वैदू मुळी कशी ओळखतो, किती खणतो, कशी कुटतो, हे चहूबाजूंनी चित्रित करावयाचे. पुढे शिकणाऱ्याने डोळ्यांवर यंत्र चढविताच तो जणू त्याच झाडाखाली उभा राहावा, अशी ही कल्पना. तिचे स्वागतच केले पाहिजे. औषधाचे नाव वहीत उतरविता येते. हाताचे कसब पाहूनच शिकावे लागते.

परंतु हे चित्रण कोणाच्या ताब्यात राहणार? १९८७ साली केरळातील अगस्त्य पर्वतात गेलेल्या शास्त्रज्ञांना कानी जमातीच्या वाटाड्यांनी थकवा घालविणारी ‘आरोग्यपच्च’ ही वनस्पती दाखविली. तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले. मोबदल्यात कानींना वाटा मिळाला. पण तो शास्त्रज्ञांच्या सद्भावनेमुळे. तशी तरतूद करणारा जैवविविधता कायदा २००२ साली आला.

मग नोंदच करू नये काय? तसेही म्हणता येत नाही. हळदीवरील अमेरिकी पेटंट १९९७ साली रद्द झाले, ते आपल्यापाशी लेखी पुरावे होते म्हणून. मौखिक ज्ञानाला असा आधार कोठून मिळणार?

पेरू-ब्राझील सीमेवरील मात्सेस जमातीने या पेचातून वाट काढली. २०१५ साली तिने आपल्या औषधविद्येचा सुमारे पाचशे पानांचा कोश सिद्ध केला, तो केवळ मात्सेस भाषेत. भाषा हेच त्याचे कुलूप.

चित्राला मात्र असे कुलूप नसते. पान, साल, ओढ्याकाठची जागा पाहणाऱ्या कोणालाही कळते. दुभाषी लागत नाही. म्हणून येथे कुलूप मुद्दाम घालावे लागेल, आणि किल्ली संग्रहालयाकडे वा कंपनीकडे नव्हे, तर त्या जमातीकडेच असली पाहिजे. जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक हक्क आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे. तेव्हा काय दाखवावे, काय झाकावे आणि कोणी पाहावे, हे ग्रामसभेने आधी ठरवावे. कॅमेरा त्यानंतर जंगलात जावा. अन्यथा जतनाच्या नावाखाली होईल ती केवळ अधिक सफाईदार लूट.